लहान मापाची जोडवी

१

सोमेश्वरच्या टेम्पोला समुद्राची चटक लागली ती गेल्या दिवाळीनंतर. त्याआधी तो शहाण्या माणसासारखा आठवड्यातून दोनदा शिवऱ्यातल्या आपल्या मळ्याची भाजी आणि वेल्ह्याकडचा तांदूळ भरायचा, भोरवरून वरंध्याचा घाट उतरायचा, महाडच्याही पुढं समुद्राकाठच्या बाजारात सकाळी माल टाकायचा आणि आल्या पावली परत फिरायचा. घर हायवेला लागून. पुढं चहा-भेळीची टपरी, ती त्याची बायको प्रांजल आणि आई सोजराबाई दोघी मिळून चालवायच्या. संसाराला नाव ठेवायला जागा नव्हती. मग तिकडच्या एका लॉजवाल्यानं त्याला आपलं जुनं मशीन दिलं.

मशीन म्हणजे एक लांब दांडा, टोकाला ताटाएवढी चकती आणि कानाला लावायचा हेडफोन. चकती वाळूवरून फिरवायची, खाली धातू असला की कानात आवाज येतो. शनिवार-रविवारी पर्यटक पाण्यात नाचतात, अंगठ्या आणि कानातली सांडून जातात. सोमवारी ओहोटीला जाऊन ती हुडकायची, एवढाच उद्योग.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," सोजराबाई म्हणाल्या. "लोकं समुद्रावर हवा खायला जात्यात, आमचा भंगार गोळा करतोय."

पण सोमेश्वरला त्यात गोडी लागली. सोमवारी दुपारी जेवण झालं की तो पडवीत वर्तमानपत्र पसरायचा, त्यावर आठवड्याची कमाई ओतायचा: बाटल्यांची झाकणं, गंजके गळ, कुणाच्या तरी स्कूटरची किल्ली. आणि मग आईला आणि बायकोला समजावून सांगायचा.

"खारी ओली वाळू लई लबाड असती. मिठाचं पाणी मशीनला धातूवानीच वाटतं. त्यामुळं ते सारखं कुरकुरतं. ती कुरकुर कानाआड करायची, अन् तिच्यावर दुसरा आवाज उठला की तितं खणायचं."

प्रांजल भोंगवलीची. स्वभावानं सरळ, कामाला वाघीण, पण नवऱ्याच्या बाबतीत तिचं मन फार लवकर करपायचं. लग्नानंतर पहिल्याच सणाला सोमेश्वरनं तिच्या मावसबहिणीच्या हातचं पिठलं दुसऱ्यांदा मागून घेतलं, तर ही आठ दिवस घरात पिठलं करेना. चार वर्षं झाली तरी त्या मावसबहिणीचा फोन आला की ती स्पीकरवर ठेवायची. संशयाला औषध नाही म्हणतात, आणि प्रांजलनं ते कधी शोधलंही नव्हतं.

जानेवारीतल्या एका सोमवारी कागदावर पाच झाकणं, एक साखळीचा तुकडा आणि एक जोडवं पडलं. काळं झालं होतं, पण चांदीचं. प्रांजलनं ते सहज पायाच्या बोटात घालून बघितलं. अर्ध्यावर अडकलं.

"किती बारीक पाय असंल हिचा," सोमेश्वर म्हणाला.

बोलला ते अगदी साध्या मनानं. पण त्याच्या आवाजात एक कौतुक होतं, आणि प्रांजलला ते बोटात अडकलेल्या जोडव्यापेक्षा जास्त टोचलं. तिनं साबण लावून जोडवं काढलं आणि भांडी घासायला उठली.

पुढच्या सोमवारी त्या जोडव्याचा जोड आला.

"कुठं गावलं?"

"तितंच. जितं पयलं गावलं तितं."

"समुद्रात रोज दोनदा भरती येती म्हणता. आठ दिवसात एवढी वाळू वरखाली होती, अन् हे आपलं तितंच बसून राहतं व्हय?"

सोमेश्वर म्हणाला, "तेच मलाबी नवल वाटतंय." आणि त्यानं दोन्ही जोडवी एका बिस्किटाच्या डब्यात ठेवली.

२

त्यानंतर सोमवारी झाकणं यायची बंद झाली. यायची ती एकच वस्तू. एका सोमवारी पैंजण, दुसऱ्या सोमवारी त्याचा जोड. मग चांदीचं एक कडं, मग दुसरं. दोन वस्तू एका दिवशी कधी आल्या नाहीत आणि रिकामा सोमवार कधी गेला नाही. मार्चमध्ये सोन्याची एक वाटी आली, मंगळसूत्रात असते ती. एकच.

प्रांजल प्रत्येक वस्तू अंगाला लावून बघायची. कडी तिच्या हातात शिरेनात, पैंजणांचे फासे लागेनात. डब्यात हळूहळू एक बाई जमा होत होती, नाजूक आणि ठेंगणी, आणि आपल्या नवऱ्याला ती आवडलेली आहे, असं प्रांजलला स्वच्छ दिसत होतं.

डोकं चालवायला ती काही कमी नव्हती. तिनं हिशेब असा मांडला: खाली कुणीतरी आहे. हा तिच्यासाठी तिच्या मापाचे दागिने घेतो, ती नखरे करून परत करते आणि हा ते वाळूत सापडल्याची थाप मारून घरी आणतो. तिनं त्याचे सदरे हुंगले. त्यांना मिठाचा वास होता, दुसरा कसला नव्हता. तो अंघोळीला गेला की मोबाईल उघडला. त्यात वाळूचे फोटो होते. नुसती ओली वाळू, एकाच जागेवरून काढलेली, चाळीस-पन्नास वेळा. माणूस एकाही फोटोत नव्हतं. प्रांजलला वाटलं, पुसले असतील.

मग आठवडी बाजाराच्या दिवशी डबा पिशवीत घालून ती एसटीनं भोरला गेली, बाळाबाईकडं. बाळाबाई कासारीण, चाळीस वर्षं बांगड्या भरतेय. हात न बघता नुसत्या चालीवरून बाईचं माप सांगेल अशी.

बाळाबाईनं कडी बोटांवर फिरवली, जोडवी तळहातावर घेतली. "तुझा हात अडीचचा. ही सव्वादोनच्याबी आतली. कुणाची गं?"

"सगळी एकाच बाईची हाईत का, एवढंच सांगा."

"एकाच बाईची. त्यात शंका न्हाई." म्हातारीनं चष्मा कपाळावर चढवला आणि जोडवं आतून बघितलं. "पण एक इपरीत हाय. खाऱ्या पाण्यानं काळी पडलीत, पण आतनं घासलेली न्हाईत. बाईच्या अंगाला ही कधी लागलीच न्हाईत. अन् वाटी एकच हाय. ही माहेरची. सासरची अजून यायची हाय. लगीन व्हायच्या पोरीचे डागिने हाईत हे."

प्रांजलनं यातलं पाहिजे तेवढंच ऐकलं. न वापरलेले म्हणजे नवीन, नवीन म्हणजे विकत घेतलेले. म्हातारी पुढं काय म्हणाली इकडं तिचं लक्ष नव्हतं. एसटीत खिडकीशी बसून ती कापूरहोळपर्यंत दात-ओठ खात आली.

३

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं. टपरीवर गिऱ्हाईक होतं म्हणून दबक्या आवाजात झालं, पण व्हायचं ते झालं. सोमेश्वर चिडला नाही. तो डब्याकडं बघत बसला आणि म्हणाला, "एवढं वाटतंय तर चल माझ्यासंगं. बघ काय हाय ते."

सोमवारी ती टेम्पोत बसली. माल उतरवून ते किनाऱ्यावर आले तेव्हा सात वाजून गेले होते. ऊन कोवळं होतं. ओहोटी लागलेली, पाणी लांब गेलेलं आणि मधे नुसती ओली वाळू. दूर कुणी दोघं-तिघं चालत होती, ती मुंग्यांएवढी दिसत होती. बाई म्हणावी अशी एकसुद्धा नव्हती. प्रांजलनं नारळीच्या झाडांमागंही बघून घेतलं.

सोमेश्वरनं तिच्या कानाला हेडफोन लावला. तव्यावर मीठ टाकल्यावर तडतडतं तसा आवाज होता, अखंड. "ही मिठाची कुरकुर," तो म्हणाला, आणि हेडफोन काढून गळ्यात अडकवला, म्हणजे तिलाही ऐकू येईल. मग तो चालायला लागला.

तो काही शोधत नव्हता. हे तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं. चकती हातात धरली होती खरी, पण माणूस ठरलेल्या घरी जावं तसा सरळ चालला होता. प्रांजल वीस पावलं मागं राहिली. ओल्या वाळूवर पाय पडला की भोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडते, पांढरी होते, आणि पाय उचलला की पुन्हा ओल चढते. सोमेश्वरच्या प्रत्येक पावलाभोवती तसा पांढरा डाग उमटत होता आणि विरत होता.

त्याच्या डाव्या बाजूला आणखी एक डाग उमटत होता.

लहान होता. सोमेश्वरचं एक पाऊल पडलं की त्याचे दोन पडायचे, घाईघाईनं गाठत असल्यासारखे. पावलाचा ठसा कुठंच उरत नव्हता. प्रांजल थांबली. खालून पाणी झिरपत असेल. खेकड्यांची बिळं असतील. हवेचा बुडबुडा फुटत असेल. तिनं तीन कारणं काढली आणि तिन्ही पटवून घेतली. पण खेकडा सोमेश्वरच्या पावलाशी पाऊल जुळवत चालेल कशाला?

तो थांबला आणि मशीन गप्प झालं.

गळ्यातल्या हेडफोनमधली तडतड मघापासून वाऱ्यावर येत होती ती एकाएकी तुटली. भोवती सगळी तीच खारी ओली वाळू, आणि तेवढ्या एका जागेवर मीठच नसल्यासारखं. सोमेश्वर गुडघ्यावर बसला आणि हातानं वाळू उकरू लागला. त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं काहीतरी बाहेर काढलं, पाण्यात खळबळलं. नथ होती.

ती त्यानं प्रांजलकडं केली नाही. आधी डावीकडं धरली, त्याच्या खांद्याच्याही खाली, ठेंगण्या बाईचं नाक येईल एवढ्या उंचीवर. मान जराशी तिरपी केली आणि शोभते का बघितलं. तोंडावर हसू होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो प्रांजलकडं बघून हसायचा, ते.

मग त्याला मागं बायको उभी असल्याचं आठवलं असावं. तो उठला आणि नथ तिच्या हातात देत म्हणाला, "बघ. हितं कोण हाय का?"

"कुणाशी बोलत हुता?"

"म्या? कुठं काय बोललो?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. आज झाले नव्हते.

४

कुणालाही भीती वाटली असती. प्रांजललाही वाटली, पण घाट चढून हिरडोशी येईपर्यंतच. भोर आलं तोवर भीती मागं पडली होती आणि उरला होता निव्वळ जळफळाट. माणूस असती तर झिंज्या उपटल्या असत्या. जिला झिंज्याच नाहीत तिचं काय करायचं? आणि तिच्यासाठी ते हसू? भाजी कापताना, कपबश्या विसळताना, तिच्या डोळ्यापुढून ते हसू हलेना.

तिनं सासूला सगळं सांगितलं. सोजराबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"आधी का न्हाई बोललीस? हे बघ पोरी. कुणाचं काय सापडलं तर ते ज्याचं त्याला परत द्यावं. डबा घेऊन जायचं, पाण्यात सोडायचं, नमस्कार करायचा अन् मागं फिरायचं. तोंडातनं चकार शब्द काढायचा न्हाई. घेणं न्हाई, देणं न्हाई. एवढंच कर."

एवढंच केलं असतं तर ही गोष्ट इथं संपली असती. पण प्रांजलला एवढ्यावर भागणार नव्हतं. नुसतं परत करायचं म्हणजे हरल्यासारखं. त्या बयेनं नवऱ्याला आठ वस्तू दिल्या आणि मी काय रिकाम्या हातानं हात जोडू? मी या घरची सून आहे, मालकीण आहे, हे तिला कळायला नको? शत्रू असला तरी बाईमाणसाला साडीचोळी देऊन वाटेला लावावं, म्हणजे तिचं तोंड बंद होतं आणि आपला मान राहतो.

तिनं ओटी काढली. नवी हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सुपारी. बांगड्यांसाठी पुन्हा भोर गाठलं.

"हिरवा चुडा द्या. सव्वादोनच्या आतला."

बाळाबाईनं तिच्याकडं बघितलं. "लगीन कुणाचं काढलंय?"

"लगीन कशाचं? बिदागी हाय. एकदाची जाऊ दे."

चुडा कागदात बांधताना म्हातारीनं दोनदा गाठ मारली.

आता ही ओटी न्यायची कुणी? प्रांजल स्वतः जाऊ शकत होती. पण तिला दुसरंच सुचलं, आणि जे सुचलं त्यावर ती बेहद्द खूश झाली. नवऱ्याच्याच हातून द्यायची. बघ म्हणावं, माझ्या शब्दावर हा तुला पाठवणी देतोय. कुणाचा माणूस आहे ते ओळख.

"डब्यातलं सगळं पाण्यात सोडा," तिनं बजावलं, "अन् ही ओटी तुमच्या हातानं द्या. म्हणायचं, आमच्या घरनं पाठवलंय. एवढं बोलायचंच. विसरू नका."

सोमेश्वरनं पिशवी दोन्ही हातांत घेतली. "बोलतो," तो म्हणाला. सोजराबाई तेव्हा मळ्यात टोमॅटो तोडत होत्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

५

दुपारी तो परत आला तो मोकळा, हलका.

"दिली?"

"दिली."

"डबा?"

"सोडला."

"अन् ओटी? लाटंनं नेली का?"

"पदरात घेतली," सोमेश्वर म्हणाला. नंतर चपापला. "म्हंजी, गेली पाण्यात."

प्रांजलनं दुसरं वाक्य ऐकलं आणि पहिलं सोडून दिलं. त्या सोमवारी रात्री तिनं चार वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन पिठलं केलं.

पुढचे सोमवार रिकामे गेले. ना झाकण, ना दागिना. मशीन पडवीच्या कोपऱ्यात उभं राहिलं. सोमेश्वर बाजार करून सरळ घरी यायचा. ती त्याला टपरीवर गिऱ्हाइकांदेखत चिडवायची, त्याच्या चहात साखर जास्त घालायची. जिंकलेल्या माणसाला सगळं जग बरं दिसतं. आंबवड्याच्या देवळात जाऊन तिनं नारळसुद्धा फोडला.

मे महिन्याच्या शेवटी एका सोमवारी तो आला आणि अंगणातल्या नळाखाली तोंड धुवायला वाकला. प्रांजल टॉवेल घेऊन मागं उभी होती. त्याच्या कानामागं पिवळं दिसलं. मानेवरही होतं, आणि कोपरांवर.

"हे काय?"

त्यानं बोट लावून बघितलं. "हळद. बाजारात ओली हळद भरली हुती कुणीतरी. लागली असंल."

लागली असेल. टेम्पोत हळदीची पोती असतात, माणूस उचलाउचल करतो, लागते. पण उचलताना कानामागं कशी लागते? आणि दोन्ही कानांमागं सारखीच? प्रांजलनं पदरानं ती पुसायला घेतली. निघाली नाही. चांगली चोळून लावलेली होती, जिरलेली होती. त्वचेला मिठाचा वास येत होता.

सोजराबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मुलाची मान बघितली. तो जेवून झोपल्यावर सुनेला मागच्या पडवीत नेलं.

"डबा परत दिला न्हवं?"

"व्हय."

"नुसता?"

प्रांजलनं सांगितलं. साडी, खण, नारळ, हिरवा चुडा. सांगताना तिला जरा अभिमानच वाटत होता.

"कुणाच्या हातानं दिलीस?"

"ह्यांच्याच."

"तो काय म्हणला देताना?"

"आमच्या घरनं पाठवलंय म्हणून. म्याच सांगितलं हुतं."

सोजराबाई म्हणाल्या, "तुला मागणी घालाय आमी भोंगवलीला आलो, तवा काय केलं हुतं गं?"

प्रांजलला आठवलं. पाटावर बसवलं होतं. सोजराबाईंनी कुंकू लावलं, पदरात नारळ आणि तांदूळ घातले, वर हिरवी साडी ठेवली, हिरव्या बांगड्या भरल्या. तिच्या आजीनं बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं, घरनं साडीचोळी आली, पोरगी त्यांची झाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आता?" तिनं विचारलं.

"तिनं पदर पसरला म्हंजी मागणी घेतली. हळद बी लागली." सोजराबाईंचा आवाज अगदी खाली गेला होता. "पावसात घाट बंद व्हतो. त्याच्या आत आणंल तो तिला."

६

प्रांजलनं करायचं ते सगळं केलं. टेम्पोची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. भांडली, रडली, माहेरी जाते म्हणाली. शेवटी कोपऱ्यातलं ते मशीन उचललं, मळ्यातल्या विहिरीवर नेलं आणि त्याच्यादेखत आत टाकलं. मनात म्हटलं, आता चिडेल, मला मारील तर मारू दे, पण ओरडेल तरी.

सोमेश्वर विहिरीत डोकावला. पाणी स्थिर होईपर्यंत थांबला.

"बरं केलंस," तो म्हणाला. "आता लागत न्हाई ते."

किल्ली त्याला कशी सापडली कळलं नाही. जूनच्या पहिल्या सोमवारी प्रांजल उठली तेव्हा टेम्पो गेलेला होता. टपरी उघडलीच नाही. ती हायवेकडं तोंड करून बसून राहिली. ढग भरून आले होते, पण पाऊस नव्हता. ट्रक जात होते, पुण्याच्या गाड्या जात होत्या, भेळ आहे का म्हणून एक-दोघं विचारून गेले.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. तिचा नाही, सोजराबाईंचा. त्यानं आईला फोन केला होता. चार वर्षं घाटातून निघाला की तो फोन करायचा तो प्रांजलला.

"व्हय," सोजराबाई बोलत होत्या. "व्हय बाबा. किती वाजंस्तोवर? बरं. हळू आण. वळणं लई हाईत, सवय नसंल."

फोन ठेवून त्या आत गेल्या. प्रांजल मागोमाग गेली. सासूनं फडताळातून पितळी माप काढलं, चिंचेनं घासलं, पुसलं, वेल्ह्याच्या तांदळानं शिगोशीग भरलं आणि उंबऱ्यावर आणून ठेवलं. भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या ताटात घेतला.

"आत्याबाई, हे काय करताय? तुमी सुद्धा?"

"दारात आलेल्या नवरीला रीत न करता ठेवली तर ती घराचं काय करंल?" सोजराबाईंचे हात थांबत नव्हते. "म्या काय हौसंनं करतीय का? तू मोठी, ती धाकटी. तुझा मान मोठीचा ऱ्हाईल. आता गप ऱ्हा."

मोठी! प्रांजलच्या अंगाची लाही झाली. भीतीबिती सगळी त्यात जळून गेली. आपल्याच पदरचा नारळ देऊन आणलेली ही, आणि आपण तिला जागा करून द्यायची? आपल्या उंबऱ्यावर?

टेम्पो हायवेवरून खाली उतरला आणि अंगणात थांबला. सोमेश्वर उतरला. अंगात पांढरा सदरा होता, तिनं न धुतलेला. तो गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि त्यानं दार उघडलं. चार वर्षांत त्यानं प्रांजलसाठी ते दार कधी उघडलं नव्हतं. त्यानं हात पुढं केला. टेम्पोची पायरी उंच आहे, नवख्या माणसाला वेळ लागतो, तेवढा वेळ तो थांबला. टेम्पोची सीट जराशी वर उचलली गेली, बसलेलं माणूस उठल्यावर उचलली जाते तशी. मग त्यानं दार हळूच लावलं आणि लहान पावलं टाकत, डावीकडं एका माणसाची जागा सोडून, घराकडं निघाला.

प्रांजल धावली. उंबरा ओलांडून बाहेर आली, वळली आणि मापापुढं नवरीसारखी उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला. आवाज तिनं हायवेपर्यंत जाईल असा काढला.

"शिवऱ्याच्या शिवारात टोमॅटोचा मळा,
सोमेश्वररावांचं मंगळसूत्र माझ्याच गळा!"

आणि उजव्या पायानं माप लवंडलं. तांदूळ घरात लांबपर्यंत पसरले. ती आत शिरली आणि फिरून दारात आडवी उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. आता ये म्हणावं. नाव मी घेतलं, माप मी ओलांडलं, नवरा माझा. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

सोमेश्वर उंबऱ्यापाशी येऊन थांबला. तो चिडला नव्हता. सोजराबाई खाली वाकल्या होत्या. त्यांनी ओंजळीनं तांदूळ गोळा केले, माप पुन्हा भरलं आणि सुनेच्या पायाशी, उंबऱ्यावर, नीट उभं करून ठेवलं. सोमेश्वरनं आपल्या डाव्या बाजूला, खाली, एकदा बघितलं. मग प्रांजलकडं बघून, समजूत घालावी तशा मऊ आवाजात म्हणाला,

"झालं न्हवं तुझं? सर जरा बाजूला. आता तिला घेऊ दे नाव."